दोन खोल्यांचा शब्द

मालनताई ओव्हाळांसमोर उभं राहिलं की भल्याभल्यांचे हात आपोआप शर्टाच्या बटणांकडं जायचे. वरचं बटण लावलंय ना, नाक स्वच्छ आहे ना, नखं वाढली नाहीत ना, अशी स्वतःची झडती माणूस स्वतःच घ्यायला लागायचा. कारण आपण नाही घेतली तर त्या घेणार आणि चार लोकांत घेणार, हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या चाळीच्या मागं महिला मंडळाचा हॉल होता. त्या हॉलमध्ये मालनताई बालवाडी चालवायच्या. सकाळभर पोरांना ओळीत बसवायचं, नाकं पुसायची, भांडणारी जोडी सोडवायची. दुपारपर्यंत त्यांच्या हातांना आणि जिभेला असं वळण लागलेलं असायचं की समोर मूल आहे की बाप्या, हे त्यांना कळायचंच नाही. बसच्या कंडक्टरनं बरोबर सुट्टे दिले की त्या त्याला ‘शाब्बास!’ म्हणायच्या. पोस्टमन उन्हातून आला की, ‘बस. आदी पानी पी. मग दे काय ते.’ लग्न होऊन मी या चाळीत आले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला जिन्यात थांबवून त्याची कॉलर सरळ केली आणि, ‘आता कसं! आता जा कंपनीत,’ म्हणून पाठीवर थाप मारली. नवरा निमूट गेला. संध्याकाळी म्हणाला, ‘अगं, मी थँक यू म्हणालो बहुतेक.’

माझं आणि त्यांचं जमलं ते माझ्या बी.ए.मुळं. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. त्यात इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर होता आणि तो मी कसा सोडवला, हे मला आणि तपासणाऱ्यालाच ठाऊक. पण आमच्या सासूबाईंनी ‘सून बी.ए. आहे’ ही बातमी नळावर अशा काही सुरात सांगितली होती की, इंग्लंडच्या राणीच्या घरी चिठ्ठी लिहायची वेळ आली तर माझ्याकडंच यावं लागेल, असं चाळीला वाटायचं.

एका दुपारी मालनताई दारात उभ्या राहिल्या. हातात इंग्रजीचं गाईड, कव्हर निघालेलं.

‘तूच ना ती बी.ए.?’

‘हो.’

‘मला विंग्रजी शिकव. मार्चमदी परीक्षा हाय.’

आत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाहेरून मॅट्रिकला बसत होत्या. एकेक विषय करत करत सगळे सुटले होते. राहिलं होतं इंग्रजी, आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. त्यातच जुनी अकरावी बंद होऊन नवी दहावी आली होती. जुन्या अभ्यासक्रमाच्या लोकांना येता मार्च शेवटचा. त्यात गेलं की पुन्हा नव्यानं सगळं, नव्या गणितासकट. आणि तेवढी सवड नव्हती. बालवाडीला सरकारी मदत मिळणार होती आणि मंडळाला कळवण्यात आलं होतं की जूनपासून शिकवणारी बाई मॅट्रिक हवी.

‘मी न्हाई झाले, तर दुसरी कुनी येनार,’ मालनताई म्हणाल्या. ‘मला मदतनीस करनार म्हंत्यात. म्हंजे ती सतरंजीवर बसून गानी म्हननार आन् मी कोपऱ्यात घागरी भरत बसनार. माझी पोरं माझ्यासमोर दुसरीला ताई म्हननार. त्ये मला बगवंल का, तूच सांग.’

मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की माझं इंग्रजी जेमतेम स्टेशनपर्यंत जाऊन परत येईल एवढंच आहे. पण सासूबाई ओट्याशी कान देऊन उभ्या होत्या.

शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी एक रीत घालून दिली. पुस्तक उघडं असेपर्यंत मी ‘बाई’ आणि ‘तुमी’; पुस्तक मिटलं की ‘अगं बी.ए.’ आणि ‘तू’. ‘बाई, तुमी सांगा, ह्येचा अर्थ काय?’ असं अदबीनं विचारणाऱ्या मालनताई पुस्तक मिटता मिटता म्हणायच्या, ‘अगं, पदर किती मळलाय तुझा, धुतेस का न्हाई?’

व्याकरण त्यांना बरं यायचं. अडायचं ते शब्दांपाशी. शब्द सांगितला की त्या डोळे मिटून तो दहादा म्हणायच्या आणि खाली नळापर्यंत जाईतो तो गेलेला असायचा. मी लिहून काढायला सांगितलं, गाण्याच्या चालीवर म्हणायला सांगितलं. शब्द राहीनात. एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, ‘बाई, मला येकच सांगा. ह्यो शब्द ऱ्हातो कुटं?’

‘राहतो म्हणजे?’

‘म्हंजे पत्ता काय त्याचा? माझ्या येवड्या पोरांची नावं माझ्या ध्यानात हायेत. का? तर कोन कुन्या दारातनं येतं, ते मला दिसतं. ह्या शब्दांना दारच न्हाई. आले कुटनं, गेले कुटं!’

आणि मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. शब्दाला खोली द्यायची. त्या काळात आमच्याकडं खोली मिळणं म्हणजे काय होतं, ते आता सांगून पटायचं नाही. कंपन्या वाढत होत्या. माणसं मराठवाड्यातून, कोकणातून, साताऱ्याकडून येत होती आणि एकेका खोलीसाठी सहा सहा महिने पाहुण्यांकडं पथारी टाकून राहत होती. मालनताईंचं म्हणणं सरळ होतं. ‘खोली गावली की मानूस पुन्ना हलत न्हाई. शब्द तरी का हलंल?’

झालं. खालच्या कोपऱ्यातल्या शरीफाभाभींच्या दारावरून कुणी चहाशिवाय पुढं जात नसे. तिथं ‘हॉस्पिटॅलिटी’ राहायला गेली. मालनताईंचे यजमान, श्रीपतराव, बायकोच्या परीक्षांच्या दिवसांत सेकंड शिफ्टला जायच्या आधी भाकरी थापून ठेवायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. म्हणून ‘पेशन्स’ त्यांनी स्वतःच्याच घरात ठेवून घेतला. आमच्या घराला दोन शब्द मिळाले. ‘ऑथॉरिटी’ सासूबाईंकडं गेली, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ‘आणि दुसरा?’ मी हौसेनं विचारलं.

‘कन्फ्यूजन,’ मालनताई म्हणाल्या. ‘तो तुमच्या नावावर हाय, बाई.’

पुस्तक उघडं होतं, म्हणून ‘बाई’.

ही पद्धत लागू पडली. मी शब्द विचारला की त्या मनातल्या मनात जिना चढायच्या, गॅलरीतून चालायच्या, त्या त्या दारापुढं थांबायच्या आणि आतून शब्द घेऊन यायच्या. चालताना त्यांची मान हलायची, त्यावरून त्या कुठल्या मजल्यावर आहेत हेही मला कळायला लागलं. मात्र ही बातमी चाळीत पसरली आणि बायका वशिला लावायला लागल्या. ‘मालनताई, आम्हांला एखादा बरासा शब्द ठेवा हो.’ एकीनं तर वाटीभर लाडवांचा प्रसाद आणून दिला आणि ‘ब्यूटी’ मागितली. मालनताईंनी लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, ‘त्यो सोपा हाय. त्याला खोली लागत न्हाई.’

एका गुरुवारी धडा वाचताना एक अवघड शब्द आला. ॲनिमॉसिटी. गाईडात अर्थ दिला होता, ‘तीव्र वैमनस्य’. मी तो वाचून दाखवला.

‘आता वैमनस्य म्हंजे काय?’

‘वैर हो. पण साधंसुधं नाही. खूप वैर.’

‘हाडवैर म्हना की!’ असं म्हणून त्यांनी मान वर केली. समोरच्या गॅलरीत काटेभाऊ मुद्दाम जोरजोरानं लोखंडी घमेलं ठोकत होते. त्यांच्या समोरच्या खोलीतून पेडणेकरांचा आवाज आला, ‘अरे मेल्या, माणसांक झोपाक दी!’ मालनताईंचा चेहरा उजळला. ‘गावला, बाई! गावला पत्ता! पन ह्या शब्दाला दोन खोल्या लागत्यात. येकीत मावत न्हाई.’

या दोघांचं वैर आमच्या चाळीची शान होती. तुकाराम काटे इथलेच, गावठाणातले, आवाज मोठा. वसंत पेडणेकर मालवणकडचे. बारीक चणीचे, पण जीभ तेज. दोघं एकाच कंपनीत, एकाच खात्यात, आणि मुख्य म्हणजे एकाच लेथवर. एकाची फर्स्ट शिफ्ट असली की दुसऱ्याची सेकंड. आता रिवाज असा की शिफ्ट संपवून जाणाऱ्यानं मशीन पुसायचं, लोखंडाचा कीस काढायचा, तेल द्यायचं आणि पुढच्याच्या ताब्यात द्यायचं. काटेभाऊ म्हणायचे, पेडणेकर मशीन घाण ठेवतो. पेडणेकर म्हणायचे, काटे ठेवतो. त्यात गंमत अशी की शिफ्टमुळं त्यांची गाठ पडायची ती दिवसातून एकदाच, तीही क्षणभर, मशीनपाशी. तेवढ्यात काय भांडण होणार? म्हणून दोघं सगळं साठवून ठेवायचे आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चाळीत काढायचे. आमच्याकडं सुट्टी गुरुवारची असायची आणि त्या दिवशी सकाळी दहानंतर आमच्या गॅलरीला चांगली गर्दी जमायची. त्यांच्या बायका मात्र त्याच वेळी मागच्या दारानं एकमेकींना आमटीच्या वाट्या पोचवत असत.

मालनताईंनी शब्द पक्का करायचा म्हणून दोन्ही दारांवरून जाताना पुटपुटायचा नेम ठेवला. ‘ॲनिमॉसिटी, ॲनिमॉसिटी.’ हे बालवाडीतल्या पोरांनी ऐकलं. पोरांना काय, असा लांबलचक शब्द म्हणजे खेळणंच. आठवडाभरात सगळी चिल्लीपिल्ली काटेभाऊ दिसले की ‘ॲनिमॉसिटी काका आले!’ म्हणून नाचायला लागली.

काटेभाऊ मला जिन्यात भेटले. ‘वैनी, पोरं मला काय म्हंत्यात त्ये?’

‘इंग्रजी आहे, भाऊ.’

‘त्ये कळलं. पन मोठं हाय का?’

‘मोठाच शब्द आहे.’

‘फोरमनपरीस?’

मी मान हलवली. कशी हलवली ते देव जाणे. काटेभाऊ दोन दिवस छाती काढून फिरत होते. तिसऱ्या दिवशी पोरं पेडणेकरांच्याही मागं ‘ॲनिमॉसिटी काका’ करत धावली आणि काटेभाऊ तडक आमच्या दारात आले. मालनताई पुस्तक घेऊन बसल्याच होत्या.

‘ताई, ह्ये काय? त्यालाबी त्योच शब्द?’

‘मग?’

‘मला येगळा द्या. त्याच्यासंगं येका शब्दात मी ऱ्हानार न्हाई!’

मालनताईंनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि शब्दाचा अर्थ सांगितला. काटेभाऊंनी तो शांतपणे ऐकला. थोडा विचार करून म्हणाले, ‘मग बरोबर हाय. मग ऱ्हाऊ द्या.’ जाता जाता दारातून वळले. ‘पन माझं नाव आदी लिवा.’

असा तो शब्द त्यांच्या दोन खोल्यांत इतका पक्का बसला की मी झोपेतून उठवून विचारला असता तरी मालनताईंनी सांगितला असता. नव्हे, तोच त्यांचा सगळ्यात आवडता शब्द झाला होता. धड्यात तो वारंवार यायचा, त्याच धड्यावर प्रश्न येणार असं सगळे सांगत होते आणि मालनताईंना या एका शब्दाच्या जोरावर सगळा पेपर सर करता येईल असं वाटायला लागलं होतं.

परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी संध्याकाळी त्या आल्या, पुस्तक काखेतच. उघडलं नाही.

‘बी.ए., येक घोळ झालाय.’

पेडणेकरांची धाकटी बहीण रत्ना त्यांच्याकडं राहायची. तिला बघायला दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दापोडीहून पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं होतं. आणि रीत अशी की मुलीकडं पोहे खाऊन झाले की मुलाकडचा एखादा वडीलधारा पान खायच्या निमित्तानं उठतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं हळूच चौकशी करतो. माणसं कशी आहेत, घर कसं आहे. आता समोरचं दार म्हणजे काटेभाऊंचं. आणि काटेभाऊ सकाळपासून सांगत सुटले होते, ‘येऊ तर द्यात! मला इचारू तर द्यात! मशीन कसं ठेवतो त्ये सांगतो, मग त्यांचं त्ये ठरवतील, घर कसं ठेवत आसंल!’

‘तोंडाळ हाय, पन बोलला म्हंजे बोलंल,’ मालनताई म्हणाल्या. ‘पोर चांगली हाय गं. ह्या दोगांच्या लोखंडापायी तिचं मोडायचं.’

‘मग?’

‘मग काय. मिटवाया पायजे.’

मी त्यांच्याकडं बघितलं. ‘आणि तुमचा शब्द? परवा पेपर आहे.’

त्यांनी पदराच्या टोकानं गाईड पुसलं. ‘जाऊ दे की. पोरीपरीस शब्द मोठा हाय का?’ आणि उठता उठता स्वतःशीच म्हणाल्या, ‘पाव्हनं शनवारी आलं आस्तं तर काय बिगडलं आस्तं मेल्यांचं?’

बालवाडीत दोन पोरं भांडली की मालनताई त्यांना रागवत नसत. एका काठीला भरलेली कळशी अडकवायच्या आणि काठीची दोन टोकं दोघांच्या हातात देऊन सांगायच्या, ‘हौदातनं झाडापातूर न्या. सांडायचं न्हाई.’ कळशी झाडापर्यंत पोचायच्या आत पोरं ‘हळू रे’, ‘थांब रे’ करायला लागायची आणि भांडण कशावरून होतं तेच विसरायची.

गुरुवारी सकाळी त्यांनी तेच केलं. फक्त कळशीऐवजी बाक होता. मंडळाच्या हॉलमध्ये सागवानी बाक होता, सहा माणसं बसतील असा, आणि पाहुण्यांना बसायला पेडणेकरांकडं एकच खुर्ची होती. मालनताईंनी पेडणेकरांना हॉलमध्ये बोलावलं. मग काटेभाऊंना. काटेभाऊ दारातच थबकले.

‘वर बगा,’ मालनताई म्हणाल्या. ‘हात कुटं हायेत? खिशातनं भायेर. ह्यो बाक वरच्या मजल्यावर न्यायचा. तुमी ह्ये टोक धरा. त्यांनी त्ये धरलंय.’

‘ताई, मी...’

‘धरा म्हनलं ना, राजा.’

काटेभाऊंनी धरलं. बालवाडीतलं पोरगंसुद्धा इतक्या लवकर धरत नसे.

हॉलपासून चाळीपर्यंत दोघं तोंडं दोन दिशांना फिरवून गेले. आम्ही सगळ्या बायका गॅलरीत. जिन्याला मध्यावर एक वळण होतं, आणि तिथं बाक अडकला. वर काटेभाऊ, खाली पेडणेकर; ना पुढं, ना मागं. सोडावा तर पायावर पडणार.

‘तुझं टोक खाली घे,’ काटेभाऊ भिंतीकडं बघत म्हणाले.

‘खाली घेतलंय. तू उभा कर आधी.’

‘उभा केला तर छताला लागतोय.’

‘लागतलोच! वाकडो धरलंस तर दुसरा काय होतला? मशीनवरसुद्धा तू असाच जॉब लावतंस!’

‘मी? मी लावतो? आन् तू कीस काढत न्हाईस त्ये?’

‘मी काढूनच जातंय! रोज!’

‘मीबी काढूनच जातो!’

बाक धरून दोघंही भांडत होते. हातवारे करायची सोय नव्हती. आणि हातवारे करता येत नसले की भांडणात निम्मा दम राहत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. थोड्या वेळानं आवाज उतरले. मग नुसता धापांचा आवाज. मग काटेभाऊ म्हणाले, ‘हात दुखतोय का रं?’ पेडणेकर म्हणाले, ‘तर काय!’ मग दोघांनी मिळून, जसा लेथवर अवघड तुकडा बसवावा तसा, तो बाक इंच इंच फिरवून वळणातून काढला. मशीन नक्की कोण घाण ठेवायचं, ते मात्र तेव्हाही ठरलं नाही आणि नंतरही नाही.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाचे मामा पान खायला म्हणून उठले आणि काटेभाऊंच्या दारात गेले. काटेभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

‘माणसं कशी आहेत ही?’

‘पेडणेकर?’ काटेभाऊ म्हणाले. ‘येकदम चोख मानूस. घर चोख. पोरगी तर... फकस्त मशीन...’

‘काटेभाऊ, बटन!’ मागून मालनताईंचा आवाज आला.

काटेभाऊंचा हात गळ्याकडं गेला आणि वाक्य तिथंच राहिलं. मामांनी ‘मशीन?’ म्हणून विचारलं तेव्हा काटेभाऊंनी पेडणेकरांच्या बायकोच्या शिलाई मशीनचं कौतुक केलं. लग्न ठरलं.

संध्याकाळी मालनताई शेवटच्या उजळणीला बसल्या. हॉस्पिटॅलिटी आली. पेशन्स आला. मी विचारलं, ‘तीव्र वैमनस्य?’ त्यांची मान हलायला लागली. जिना चढल्या, गॅलरीतून गेल्या, आणि थांबल्या.

‘बाई, दार उगडलं. आत दोगंबी बाकावर बसून चा पीत्यात.’

‘आणि शब्द?’

‘शब्द न्हाई. खोली रिकामी केली त्यानं.’

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला दिसला. मी घाबरून म्हणाले, ‘दुसरीकडं ठेवू या! इथं ठेवा, माझ्यात आणि सासूबाईंमध्ये.’

‘तुमच्यात?’ मालनताईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘छ्या! त्यांनी डोळं वटारलं की तुमी कनीक मळाय लागता. त्येला वैर न्हाई म्हनत.’

‘का हो?’ सासूबाई ओट्यापासून दुखावल्या आवाजात म्हणाल्या. ‘आमच्यात काय कमी आहे?’

तेवढ्यात काटेभाऊ आणि पेडणेकर दोघं मिळून पेढे घेऊन आले. झाला प्रकार कळल्यावर दोघं गंभीर झाले. ‘ताई, आमच्यामुळं व्हय?’ काटेभाऊ म्हणाले. ‘मग आमी भांडतो की! उद्या पेपर हुईस्तवर भांडतो. काय रं वसंता?’ आणि दोघं समोरासमोरच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. काटेभाऊंनी घमेलं ठोकलं. पेडणेकर ओरडले, ‘अरे मेल्या!’ आणि पुढं काय म्हणायचं ते न सुचल्यामुळं हसायला लागले. काटेभाऊही हसायला लागले. सगळी चाळ हसायला लागली.

‘ऱ्हाऊ द्या,’ मालनताई म्हणाल्या. ‘खोटं भांडान ध्यानात ऱ्हात न्हाई.’ त्यांनी पेढा खाल्ला, पण अर्धाच.

शुक्रवारी श्रीपतराव त्यांना पुण्याला केंद्रावर सोडून आले. दुपारी त्या परतल्या तेव्हा आम्ही सगळे, रजा टाकलेले काटेभाऊ आणि पेडणेकरसुद्धा, जिन्यातच होतो, त्या वळणावर. शेवटी पेडणेकरांनीच तोंड उघडलं, ‘इलो?’

‘आला व्हता,’ मालनताई म्हणाल्या. ‘वाक्यात उपयोग कर म्हून इचारला व्हता. मी डोळं मिटलं. खोल्या बगितल्या, कुटंच न्हाई. म्हनलं, गेलं सगळं. मग उठून याया लागले मनातल्या मनात, खाली उतराया लागले तर जिन्यात ह्ये दोगं, बाक धरून, तोंडं लाल करून. आन् शब्द तितंच, बाकाखाली दबून बसलेला!’

‘मग काय लिहिलंत?’ मी विचारलं.

त्यांनी ते वाक्य इंग्रजीतून म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं हात मागं बांधून. देअर वॉज ॲनिमॉसिटी बिटवीन काटे अँड पेडणेकर, बट द बेंच वॉज व्हेरी हेवी.

‘माझं नाव आदी!’ काटेभाऊ पेडणेकरांना म्हणाले.

तपासणाऱ्यानं त्या वाक्याचं काय केलं असेल, याचा मी तीन महिने विचार केला. बाकीचा पेपर कसा गेला, हे त्या सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते. जूनमध्ये बाहेरून बसलेल्यांचे निकाल रखडले. नेमके मंडळाच्या सभेच्या दिवशी मार्कलिस्ट मिळणार असं कळलं. सभा पाच वाजता, पिंपरीला, अध्यक्षबाईंच्या घरी. त्यात बालवाडीच्या बाईचं नाव ठरायचं होतं, आणि दुसऱ्या एका मुलीचा अर्ज येऊन पडला होता. श्रीपतरावांना सुट्टी नव्हती, म्हणून मालनताईंबरोबर पुण्याला मी गेले.

बोर्डाच्या खिडकीतला कारकून जेवून यायचा होता. तो आला, त्यानं गठ्ठा सोडला, नाव शोधलं. मालनताईंनी कागद हातात घेतला आणि न बघता माझ्याकडं दिला. ‘तुमी बगा, बाई.’ पुस्तक नव्हतं, तरी ‘बाई’.

मी बघितलं. इंग्रजीचे मार्क पासाच्या उंबऱ्यावर जेमतेम उभे होते, पण उभे होते आणि आतल्या बाजूला होते. मी मान हलवली.

मालनताईंनी कागद माझ्या हातातून परत घेतला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, ‘बाई, तुमी पास झालात हं.’

परतीची लोकल खडकीला उगाचच थांबून राहिली. मालनताई डब्याच्या दारात उभ्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेला. स्टेशनातल्या घड्याळात पाऊण तास उरला होता, मग अर्धा, मग त्याहून कमी. गाडी हलली तेव्हा त्या तिला ‘शाब्बास’ म्हणाल्या नाहीत. नुसत्या समोर बघत होत्या.

पुढं माझ्या दोन्ही मुलांना बोट धरून सतरंजीवर त्यांनीच बसवलं, त्यांची नाकं त्यांनीच पुसली. तेव्हा त्या दिवशी त्या वेळेवर पोचल्या की नाही, हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं शेजारी राहिलो, असंख्य वेळा दिसल्या. पण मालनताई म्हटलं की मला दिसतं ते पिंपरी स्टेशन. गाडी पुरती थांबायच्या आत त्या उतरल्या. मी पुढं चिंचवडला उतरणार, म्हणून खिडकीतून बघत होते. त्यांनी चपला काढून एका हातात घेतल्या, दुसऱ्या हातात ती पिशवी, आणि त्या पळायला लागल्या. चाळिशीकडं आलेली, अंगानं भरलेली बाई, पदर खोचून, माणसं चुकवत, हमालाच्या गाडीला वळसा घालून, फलाटाच्या टोकाकडं. शिट्टी झाली, गाडी सुटली, आमचा डबा पुढं सरकायला लागला. मी दारात येऊन हात हलवला, हाकही मारली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. फलाट संपेपर्यंत त्या आमच्या डब्याच्या पुढंच होत्या.